जुन्या एटीव्हीचा (चार जाड चाकांची ऑफ-रोड गाडी) कार्बोरेटर गळतोय? आधी एवढंच बघ

अरे, लगेच नवा कार्बोरेटर आणायला पुण्याच्या नाना पेठेत, स्पेअर पार्टच्या बाजारात पळू नकोस. आधी पेट्रोल कॉक बंद कर आणि गळतंय कुठून ते बघ.

- बाउलच्या (कार्बोरेटरच्या खालच्या पेट्रोल साठणाऱ्या वाटीच्या) कडेने ओल असेल तर गॅस्केट, म्हणजे कडेचं सील, गेलंय.
- ओव्हरफ्लोच्या नळीतून येत असेल तर फ्लोटची (पेट्रोलवर तरंगणाऱ्या पोकळ तुकड्याची) सुई, जी पेट्रोल आत यायचं थांबवते, ती नीट बसत नाहीये. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने बाउलवर हलकेच ठोक; कचरा असेल तर कधीकधी तेवढ्यानेच थांबतं.

नाहीच थांबलं तर बाउल उघड. फ्लोट कानाशी हलव. आत पेट्रोल डुचमळलं तर तो फुटलाय. सुईच्या टोकावर गोल चरा दिसला की सुई बदल. जेट (पेट्रोल जायचं बारीक भोक असलेला तुकडा) तारेने कोरू नकोस, मी एक असाच वाया घालवलाय.

गळलेलं पेट्रोल इंजिनात उतरलेलं असू शकतं, म्हणून स्टार्टर मारण्याआधी इंजिन ऑइलचा वास घे. पेट्रोलचा आला तर ऑइल बदलल्याशिवाय गाडी चालू करायची नाही. ट्यूनिंगचं नंतर बघू.