ड्युटीचा तक्ता लावण्याआधी

चि. लेकीस, अनेक आशीर्वाद.

वॉर्डची इन्चार्ज सिस्टर झालीस. आता बेळगावात जिकडेतिकडे ऐकायला मिळतं तेच तुझ्याही कानावर येईल: "नर्स मुली टिकत नाहीत." तू उलटं विचार. ज्या टिकल्यात, त्या कशामुळे?

मेयर आणि ॲलन या मानसशास्त्रज्ञांनी १९९१ साली माणूस नोकरीत टिकण्याची तीन कारणं सांगितली: जीव लागला म्हणून, राहणं आपलं कर्तव्य वाटतं म्हणून, आणि सोडलं तर नुकसान म्हणून. बाँड लिहून घेऊन, मूळ सर्टिफिकेटं कपाटात ठेवून फक्त तिसरं साधतं. अशी मुलगी हजेरीला असते, पण सलाईन संपत आलंय का हे आपणहून बघत नाही. मुदत सरली की कोल्हापूर, गोवा नाहीतर आखात.

पगार तुझ्या हातात नाही. तरी सुप्रीम कोर्टाच्या २०१६ च्या निकालानंतर नेमलेल्या समितीने ५० खाटांहून लहान खासगी दवाखान्यातही नर्सचा पगार महिना २०,००० रुपयांच्या खाली जाऊ नये, असं म्हटलंय. मॅनेजमेंटपुढे हे मांड.

तक्ता मात्र पूर्ण तुझा. पंधरा दिवस आधी लाव. खानापूरकडच्या मुलीला २ ते ८ देताना तिच्या गावाची शेवटची बस किती वाजता सुटते ते विचार. हँडओव्हर, म्हणजे पुढच्या पाळीच्या हाती पेशंट सोपवणं, रेंगाळला की बस चुकते, आणि दोनदा चुकली की घरचेच म्हणतात, सोड नोकरी. म्हणून हँडओव्हर ७.४० लाच सुरू व्हावा, तोही खाटेपाशी: सलाईन किती उरलं, लघवी किती झाली, कुठला डोस राहिला. नाईट संपते तो दिवस ऑफमध्ये धरू नकोस गं, तो झोपेचा आहे.

गणपतीत सगळ्यांनाच रजा हवी असते. दरवर्षी ख्रिश्चन सिस्टरच ड्युटी सांभाळत असेल, तर नाताळची रजा तिने मागण्याआधीच वहीत लिही.

नव्या मराठी मुलीला पहिले तीन महिने कन्नड येणारीची जोडी दे. "नोवु एल्लिदे?" म्हणजे कुठं दुखतंय, एवढंही विचारता आलं नाही की पेशंट वैतागतो, नातेवाईक आवाज चढवतात. तेव्हा तू तिच्या शेजारी जाऊन उभी राहा, आणि चुकलं असेल तर आत नेऊन सांग. सगळ्यांसमोर झालेला अपमान मुली विसरत नाहीत.

राजीनाम्यात कारण बहुतेक वेळा 'घरगुती' असंच असतं. तेवढ्यावर सही करू नकोस. मागच्या तीन महिन्यांचे तक्ते काढ आणि तिच्या नाईट मोज.