मोठ्या सोशल साइटवरचा कोल्हापूरचा ग्रुप लेमी किंवा मास्टोडॉनवर हलवावा का?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: गावाचा ग्रुप एका मोठ्या साइटवर आहे, हजारो सभासद आहेत, साइटचे नियम दर महिन्याला बदलतात, मॉडरेटर वैतागलेत. तर सगळ्यांना घेऊन लेमी किंवा मास्टोडॉनसारख्या विकेंद्रित ठिकाणी, म्हणजे एका कंपनीच्या ताब्यात नसलेल्या आणि अनेकांनी आपापल्या सर्व्हरवर चालवलेल्या साइटवर जावं का, आणि स्वतःचा सर्व्हर (साइट चालवणारं मशीन) टाकावा का?

जावं. पण सगळे येणार नाहीत, आणि सगळ्यांना आणायच्या नादाला लागूही नका. सर्व्हर मात्र स्वतः टाकू नका, निदान पहिलं वर्ष तरी.

मी राजारामपुरीत नेटवर्किंगची कामं करतो. आम्ही काही जण असाच एक ग्रुप चालवत होतो. केएमटी (शहर बस) कुठून वळवलीय, पाणी कधी सुटणार, रंकाळ्याचे जुने फोटो आणि पावसाळ्यात पंचगंगा, असा सगळा मसाला. आम्हाला तिथून हलवलं ते पंचगंगेनं. राजाराम बंधाऱ्यावर 39 फूट म्हणजे इशारा आणि 43 फूट म्हणजे धोका, हे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ असतं. आता आमच्या त्या साइटवर फीड लागायचं ते चर्चेच्या जोरावर. ज्या पोस्टवर जास्त भांडण, ती वर. त्यामुळे ‘राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडले’ ही काल दुपारची पोस्ट आज सकाळी ताजी म्हणून लोकांसमोर यायची, आणि दरवाजे तर रात्रीच मिटलेले असायचे. पाणी उतरायला लागलं या पोस्टवर कोण कशाला भांडेल? ती खाली कुठंतरी पडून राहायची. पुराचं पाणी शिरणाऱ्या सुतारवाड्यातल्या किंवा शाहूपुरी कुंभार गल्लीतल्या माणसाला सामान उचलायचं की थांबायचं एवढंच ठरवायचं असतं. त्याला सगळ्यात नवा आकडा लागतो, सगळ्यात गाजलेला नव्हे.

मास्टोडॉनवर टाइमलाइन काळाच्या क्रमानं चालते. लेमीवर ‘नवीन आधी’ हा क्रम एकदा सेटिंगमध्ये लावला की तो तसाच राहतो, कुणी मागून बदलत नाही. शिवाय लेमीवरची पोस्ट साधारणपणे लॉगिन न करता वाचता येते, म्हणजे लिंक टाकली की काम झालं. खरं सांगायचं तर 2019 आणि 2021 च्या महापुरात निरोप फिरले ते व्हॉट्सअ‍ॅपवरच, आणि पुढच्या वेळीही तिथंच फिरतील. पण त्या निरोपाखाली ‘आत्ताची पातळी इथं बघा’ म्हणून द्यायला एक धड जागा हवी होती. ती मिळाली.

हे विकेंद्रित प्रकरण सभासदांना कसं समजवायचं, हाही तुमचा प्रश्न आहे. कोल्हापूरकराला ते दोन मिनिटांत कळतं. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, प्रत्येक तालमीची जागा वेगळी, कारभारी वेगळे, आतली शिस्त वेगळी. पण शाहू स्टेडियमवर सगळ्यांचा फुटबॉल एकाच नियमानं चालतो. लेमी किंवा मास्टोडॉनचा प्रत्येक सर्व्हर म्हणजे एक तालीम. सामन्याचे नियम म्हणजे अ‍ॅक्टिव्हिटीपब नावाचा प्रोटोकॉल, जो डब्ल्यूथ्रीसी या संस्थेनं जानेवारी 2018 मध्ये अधिकृत केला. तुमचं अकाउंट एका सर्व्हरवर असलं तरी दुसऱ्या सर्व्हरवरच्या समूहात लिहिता येतं. इतकंच काय, मास्टोडॉनवरचा माणूस लेमीवरच्या चर्चेत उत्तर देऊ शकतो. आणि एखाद्या तालमीशी खेळायचंच नाही असं ठरवता येतं, तसं एक सर्व्हर दुसऱ्याशी संबंध तोडू शकतो. जून 2023 मध्ये बीहॉ या लेमी सर्व्हरनं लेमी डॉट वर्ल्ड या मोठ्या सर्व्हरशी असाच काडीमोड घेतला, कारण तिकडून येणाऱ्या लोंढ्यावर लक्ष ठेवणं त्यांच्या मूठभर मॉडरेटरांना झेपेना. म्हणून सर्व्हर निवडताना त्याचं भांडण कुणाकुणाशी आहे ते आधी बघा. बहुतेक सर्व्हर ही यादी उघड ठेवतात.

लेमी की मास्टोडॉन, यात फार डोकं घालू नका. ग्रुप असेल, विषयावर चर्चा असेल, तर लेमी. एकेका माणसाला फॉलो करायचं असेल तर मास्टोडॉन.

आता सगळे का येत नाहीत ते. ‘वैतागलेले लोक सोडून जातात’ ही समजूत निम्मीच खरी आहे. वैतागलेले लोक बऱ्याचदा परत येतात. नोव्हेंबर 2019 आठवा. ट्विटरनं सर्वोच्च न्यायालयातले ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचं अकाउंट बंद केलं, आणि भारतातून मास्टोडॉनवर एकदम झुंबड उडाली. चार-दोन आठवड्यांत बरेच जण गुपचूप माघारी. ऑक्टोबर 2022 मध्ये मस्क यांनी ट्विटर 44 अब्ज डॉलरना घेतल्यावर त्याहून मोठी लाट आली, आणि तीही बरीचशी ओसरली. रेडिट या चर्चासमूहांच्या साइटचं 2023 मध्ये काय झालं ते तर तुमच्या प्रश्नाच्या सगळ्यात जवळचं. बाहेरच्या अ‍ॅपना रेडिटचा मजकूर घेता यावा यासाठीची जोडणी, म्हणजे एपीआय, वापरायला त्यांनी असे दर लावले की रेडिट वाचायच्या अपोलो या बाहेरच्या अ‍ॅपच्या निर्मात्यानं वर्षाला 2 कोटी डॉलर द्यावे लागतील असा हिशेब जाहीर मांडला आणि 30 जूनला अ‍ॅप बंद केलं. त्याआधी 12 जूनला हजारो समूहांनी निषेध म्हणून दारं लावून घेतली होती. कंपनी बधली नाही. जे समूह बंदच राहिले, त्यांच्या मॉडरेटरांना ‘उघडा, नाहीतर दुसरे नेमू’ अशी तंबी मिळाली. त्या आठवड्यांत लेमीच्या सर्व्हरांना धाप लागली होती. पुढं गर्दी पांगली, रेडिट मार्च 2024 मध्ये शेअर बाजारात गेलं, आणि त्याचा धंदा वाढतच राहिला.

म्हणजे तो सगळा खटाटोप फुकट गेला का? माझ्या मते नाही. लेमीवर तेव्हा जे टिकले ते राग म्हणून आलेले नव्हते. त्यांना तिथं रोज वाचायला काहीतरी मिळत होतं म्हणून ते टिकले. गावाच्या ग्रुपलाही हेच लागू आहे.

तुमच्या ग्रुपमध्ये हजारो सभासद असतील, पण ‘हे कुणाला माहीत आहे का?’ असं कुणी विचारलं की उत्तर देणारे किती असतात ते एकदा नीट बघा. बोटावर मोजता येतात. आमच्याकडे पाणीपुरवठ्यातून निवृत्त झालेले एक काका होते, बंधाऱ्यावर किती फूट झालं की कुठल्या गल्लीत पाणी शिरतं हे त्यांच्या डोक्यात नकाशासारखं बसलेलं. एक ताई होत्या, त्यांना शहरातल्या प्रत्येक शाळेच्या प्रवेशाची खडान्‌खडा माहिती. पुण्यात नोकरी करणारा एक पोरगा शुक्रवारी रात्रीच्या गाड्यांचा ठावठिकाणा ठेवायचा. ग्रुप म्हणजे ही माणसं. बाकीचे आम्ही सगळे वाचक. म्हणून घोषणा वगैरे करत बसण्यापेक्षा या लोकांना फोन करा, जमलं तर घरी जा, त्यांच्या फोनवर अ‍ॅप टाकून द्या आणि पहिली पोस्ट तुमच्यादेखत करून घ्या. चहा होईल, अर्धा तास जाईल, पण काम होतं. आमच्याकडे काकांनी पातळीची नोंद नव्या जागी टाकायला सुरुवात केली आणि वाचणारे आपोआप त्यांच्या मागं आले. ‘आपल्याला स्वातंत्र्य हवं’ म्हणून मी लिहिलेलं लांबलचक निवेदन कुणी वाचलं असेल असं वाटत नाही.

एक अडचण मात्र शंभर टक्के येणार. लेमीवर अकाउंट काढताना सुरुवातीलाच ‘सर्व्हर निवडा’ असं येतं, आणि माणूस तिथंच अडकतो. कुठला चांगला? चुकीचा निवडला तर? नंतर बघू म्हणतो, आणि ते नंतर कधी येत नाही. त्यामुळे निवड त्यांच्यावर सोडू नका. तुम्ही एक सर्व्हर पक्का करा, त्याचीच एक लिंक द्या, आणि तालमीची गोष्ट नंतर सांगा. दुसरी बारीक खोच भाषेची. लेमीवर प्रत्येक पोस्टला भाषा लावता येते, आणि सेटिंगमध्ये आपण ज्या भाषा निवडतो त्याच पोस्ट दिसतात. लोक हौसेनं फक्त मराठी निवडतात आणि मग ‘इथं तर काहीच नाही’ म्हणून निघून जातात, कारण बहुतेकांनी पोस्टला भाषा लावलेलीच नसते. तेव्हा ‘अनिश्चित’ हा पर्याय चालूच ठेवायला सांगा.

सर्व्हर स्वतः का टाकू नये? मशीन लावणं अवघड नाही. तुमच्यातला एखादा इंजिनिअर पोरगा शनिवारी बसून ते करेल आणि रविवारी स्टेटसही ठेवेल. अवघड असतं पुढचं. तुमच्या सभासदांनी बाहेरचे समूह जोडून घेतले की तिथला मजकूर आणि बऱ्याच चित्रांच्या प्रती तुमच्या डिस्कवर यायला लागतात. ऑगस्ट 2023 मध्ये लेमी डॉट वर्ल्डवरच्या एका समूहात कुणीतरी मुलांच्या लैंगिक शोषणाची चित्रं टाकली. तेव्हा जगभरच्या छोट्या सर्व्हरवाल्यांची झोप उडाली, कारण त्या चित्रांच्या प्रती न मागता त्यांच्याकडेही पोचत होत्या. आपल्याकडे माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम 67 बी अशा मजकुराबाबत फार कडक आहे. शिवाय 2021 च्या नियमांप्रमाणे लोकांचा मजकूर ठेवणाऱ्यानं तक्रार अधिकाऱ्याचं नाव जाहीर करायचं असतं. हौसेखातर चालवतो म्हणून छोट्यांना त्यातून सूट नाही. कोल्हापुरात निवडणुकीच्या तोंडावर एखाद्या पोस्टवरून काय होऊ शकतं, हे मी वेगळं सांगायला नको. त्या वेळी रात्री दोनला फोन उचलणारा माणूस तुमच्याकडे आहे का, ते आधी ठरवा.

आणि तो माणूस एकटा नको. केबिन नावाची लेमीसारखीच एक जागा होती, 2023 च्या लाटेत बरीच गाजली. मुख्य भार एकाच माणसावर होता. त्याची तब्येत आणि वेळ दोन्ही साथ देईनात, आणि 2024 मध्ये मूळ साइट बंद पडली. त्याच कोडवरून इतरांनी काढलेलं एमबिन मात्र चालू आहे. कोड खुला असल्याचा हा फायदा आहेच, पण आपल्या जुन्या पोस्ट काही तिकडे आपोआप गेल्या नाहीत. हे नीट समजून घ्या: मास्टोडॉनवर सर्व्हर बदलला तर फॉलोअर सोबत येतात, लिहिलेलं मागंच राहतं. लेमीवर समूह ज्या सर्व्हरवर जन्मला तिथलाच असतो. तो सर्व्हर गेला तर इतरांकडे मजकुराच्या प्रती उरतात, समूह पुढं चालत नाही. म्हणून पाण्याच्या पातळीच्या जुन्या नोंदी आणि फोटो यांची एक प्रत आम्ही आमच्याकडे वेगळी ठेवतो. तुम्हीही ठेवा, कुठंही गेलात तरी.

पुढं कधी स्वतःचा सर्व्हर टाकलाच, तर डोमेनचं (साइटच्या पत्त्याचं) नाव विचार करून घ्या, कारण सर्व्हर एकदा चालू झाला की ते बदलता येत नाही असंच समजा. फुकट मिळतं किंवा ऐकायला झकास वाटतं म्हणून परदेशी शेपटीचं नाव नको. जुलै 2023 मध्ये माली देशानं डॉट एमएल नावांचा कारभार परत हाती घेतला आणि त्यात एक लेमी सर्व्हर नाव गमावून बसला. फेब्रुवारी 2024 मध्ये क्विअर डॉट एएफ हा मास्टोडॉन सर्व्हर बंद झाला, कारण डॉट एएफ म्हणजे अफगाणिस्तान आणि तिथं सत्ता तालिबानची. आपलं साधं डॉट इन बरं.

‘मग एखादं देशी अ‍ॅप का नको?’ असं तुमच्याकडेही कुणीतरी म्हणेलच. कू आठवतं का? 2020 मध्ये आलं, मंत्री-संत्री सगळे तिथं गेले, जुलै 2024 मध्ये बंद. देशी होतं, पण किल्ली एकाच कंपनीच्या खिशात होती.

सभासदांना हेही आधीच सांगून ठेवा की इथले खासगी मेसेज व्हॉट्सअ‍ॅपसारखे कुलूपबंद नसतात, सर्व्हरचा अ‍ॅडमिन ते वाचू शकतो. तुम्ही कुठल्या पोस्टला मत दिलं तेही पूर्ण गुप्त नसतं. आणि पोस्ट पुसली तरी दुसऱ्या सर्व्हरवरची प्रत पुसली जाईलच याची हमी नाही. फोन नंबर, घरचा पत्ता, हरवलेल्या मुलाचा फोटो, असलं काही टाकताना दहा वेळा विचार करायला लावा.

जुना ग्रुप बंद करू नका. वर एक पोस्ट पिन करून ठेवा, आणि रोजचा पातळीचा आकडा किंवा जे काही तुमचं खास असेल ते आधी नव्या जागी टाकून त्याची लिंक जुन्या जागी द्या. काही साइट बाहेरच्या लिंका मुद्दाम कमी लोकांना दाखवतात, म्हणून आकडा मजकुरात लिहा आणि लिंक खाली कमेंटमध्ये. दोन्हीकडे सांभाळताना सुरुवातीला जीव मेटाकुटीला येतो, ते खरं आहे. म्हणून हे काम जून-जुलैत काढू नका. दिवाळी झाल्यावर सुरू करा, म्हणजे पाऊस येईपर्यंत लोकांच्या बोटांना नवी जागा सवयीची होते.

खर्चाचं शेवटी विचारलंय. दुसऱ्याच्या सर्व्हरवर राहत असाल तर तिथल्या देणगीच्या पानावर दर महिन्याला काहीतरी पाठवा, ते लोक पदरमोड करून चालवतात. ग्रुपमध्ये वर्गणी काढायची असेल तर मंडळाच्या वर्गणीसारखी काढा, आणि जमाखर्च त्याच ग्रुपमध्ये सगळ्यांसमोर टाका. आम्ही वर्षातून एकदा टाकतो. त्या पोस्टवर मात्र कमेंटांचा पाऊस पडतो.