मधल्या सुट्टीत न जाणारी मुलगी

सप्रेम नमस्कार.

तुमची बारा वर्षांची मुलगी गेल्या वर्षी शाळा बदलल्यापासून दिवसा कपड्यांत लघवी करते, आणि ‘एवढी मोठी झाली तरी आळस जात नाही’ असे तिला घरात ऐकावे लागते, असे तुम्ही लिहिता. पत्राच्या शेवटी तुम्ही सहज दोन गोष्टी नोंदवल्या आहेत : शाळेतले स्वच्छतागृह घाण असल्याने ती तिथे जात नाही, आणि तिला तीन-तीन दिवस शौचाला होत नाही. मला वाटते, कारण बहुधा या दोन ओळींतच आहे.

या वयात मूत्राशयात साधारण 400 मिलिलिटर लघवी मावते. जी मुलगी सकाळी सातपासून दुपारी दोनपर्यंत ती रोखून धरते, तिचे ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळून राहण्याची सवय लावून घेतात आणि घरी निवांत बसल्यावरही नीट सैल पडत नाहीत. मग मूत्राशय पुरते रिकामे होत नाही, उरलेल्या लघवीत संसर्ग होतो, संसर्गाने घाई वाढते आणि दारापर्यंत पोहोचण्याआधीच कपडे ओले होतात. त्यातच आतड्यात साठलेला घट्ट मल मूत्राशयावर दाब आणतो. जावे लागू नये म्हणून ती पाणीही कमी पीत असेल, तर बद्धकोष्ठता आणखी वाढते. बद्धकोष्ठतेवर उपचार केल्यानेच अनेक मुलांचा हा त्रास बराच कमी होतो, म्हणून सुरुवात तिथून करावी.

बालरोगतज्ज्ञांकडे जाण्याआधी ती किती वेळा लघवीला जाते, किती पाणी पिते आणि कपडे कधी ओले होतात, हे दोन-तीन दिवस वहीत लिहून ठेवा. लघवीची तपासणी होईलच. मात्र तिला अचानक फार तहान लागत असेल, लघवी पुष्कळ होत असेल आणि वजन उतरत असेल, तर त्याच दिवशी रक्तातली साखर तपासून घ्या, कारण मुलांमधला मधुमेह असाच सुरू होतो. पाय अशक्त वाटणे किंवा चाल बदलणे हेही डॉक्टरांना सांगा. आणि नव्या शाळेत तिला कोणी त्रास तर देत नाही ना, हे तिला एकटीला जवळ घेऊन विचारा; हा प्रश्न टाळू नका.

दर दोन-तीन तासांनी, लागो न लागो, तिने लघवीला जावे आणि घाईने उठू नये. दप्तरात कपड्यांचा एक जोड असू द्या. सुधारणेला काही महिने लागतील, तोवर घरातल्या कोणीही, आजींनीसुद्धा, तिला रागावू नये.

वर्गशिक्षिकांना डॉक्टरांची चिठ्ठी दाखवून तासाच्या मध्येही बाहेर जाण्याची परवानगी मागा. स्वच्छतागृहाचा प्रश्न पुढच्या पालकसभेत तुम्ही स्वतः मांडा. मुलीचे नाव घेण्याची गरज नाही, कारण तिथे न जाणारी ती एकटी नसणार.