बीएडला विषय कुठला घ्यावा?

इंजिनिअर आहात, आता शिक्षक व्हायचंय, तर बीएडला गणित घ्यावं की आवडीचा इतिहास, असं विचारलंत. नाशिकमध्ये अंबडच्या कंपनीत इतकी वर्षं क्वालिटी कंट्रोल सांभाळलंत, मग इतिहास कशाला? आवड वाचनापुरती ठेवा. बीएडला अध्यापनाचा विषय पदवीच्या विषयांवरून ठरतो, म्हणून आधी जुन्या मार्कशीट काढा. इंजिनिअरिंगवाल्यांना प्रवेशासाठी ५५ टक्के लागतात, राखीव प्रवर्गांना सवलत आहे. टीईटीच्या, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेच्या, दुसऱ्या पेपरलाही १५०पैकी ६० गुण गणित-विज्ञानाचे किंवा सामाजिक शास्त्रांचे असतात. तिथे तुमचं गणितच तारेल. आणि हो, मुक्त विद्यापीठ गंगापूर धरणाजवळ, हाकेच्या अंतरावर असलं तरी त्यांचं बीएड आधीपासून शिकवणाऱ्यांसाठी आहे. दोन दिवस रजा टाका, सातपूरच्या एखाद्या शाळेत विचारून आठवीला बैजिक राशींचे अवयव शिकवून बघा. तोच प्रश्न तिसऱ्यांदा आला की चिडता का, एवढं बघा.