इंटरनॅशनल ट्रेडचा ऑनलाइन कोर्स करू का? उदगीरहून आलेल्या पत्राला उत्तर

उदगीरच्या एका मुलीचं पत्र आलंय. बीकॉम सेकंड इयरला आहे, वडील मोंढ्यात आडत दुकानावर मुनीम आहेत, घरची चार एकर कोरडवाहू. तिला इंटरनॅशनल ट्रेड, ट्रेड पॉलिसी आणि एक्स्चेंज रेट (परदेशी चलनाचा दर) असा ऑनलाइन कोर्स करायचाय, पण इंग्रजीची आणि गणिताची भीती वाटते, घरचे विचारायलेत की याचा नोकरीला उपयोग काय. त्यात एका खाजगी क्लासवाल्याने '४५ हजारात एक्स्पोर्ट-इम्पोर्ट डिप्लोमा, नोकरीची गॅरंटी' असं सांगून वडिलांना जवळपास तयार केलंय, सोयाबीनची पट्टी आली की पैसे भरायचे ठरलंय. आणि मावसभाऊ म्हणतो हे सगळं सोड, मोबाइलवर फॉरेक्स ट्रेडिंग, म्हणजे डॉलरसारख्या चलनांचे सौदे, शीक.

बाळा, सगळ्यात आधी बाबांना सांग की ते ४५ हजार भरू नका. निदान आत्ता तरी नाही. अशा डिप्लोम्यात शिकवतात ते म्हणजे आयईसी कोड (आयात-निर्यातीसाठी लागणारा नंबर) कसा काढायचा, एचएस कोड (मालाच्या प्रकाराचा नंबर) कसा शोधायचा, इनव्हॉइस, पॅकिंग लिस्ट, बिल ऑफ लेडिंग (जहाजावर माल चढल्याची पावती), एलसी (पैसे देण्याची बँकेची हमी), इनकोटर्म्स (खर्च आणि जोखीम कुणाकडे याचे ठरलेले नियम). हे कामाचं आहे, मी नाही म्हणत नाही, पण एक्स्पोर्ट करणाऱ्या कंपनीत किंवा कस्टम ब्रोकरकडे काम करता करता यातलं बरंचसं अंगवळणी पडतं आणि वर पगारही मिळतो. आयईसी तर डीजीएफटीच्या, म्हणजे सरकारच्या परदेश व्यापार खात्याच्या, साइटवर घरबसल्या निघतो, सरकारी फी ५०० रुपये, नंबर तुमचा पॅनचाच असतो, त्यासाठी कुणाला हजारो रुपये द्यायची गरज नाही. आणि गॅरंटीचं म्हणशील तर एकच कर, कोणती कंपनी, किती पगार, नोकरी नाही लागली तर फी परत का, हे लेटरहेडवर लिहून मागा. काय उत्तर येतंय ते बघा.

आता तू जो कोर्स म्हणतेस तो वेगळा आहे. तो अर्थशास्त्राचा आहे, कागदपत्रांचा नाही, हा फरक घरी नीट समजावून सांग कारण नाव सारखंच वाटतं. त्यात देश एकमेकांशी व्यापार का करतात, ड्युटी म्हणजे आयातशुल्क लावलं की फायदा कुणाचा आणि भुर्दंड कुणाला, कोटा (किती माल येऊ द्यायचा याची मर्यादा) आणि ड्युटीत फरक काय, रुपया पडला की काय होतं, हे शिकवतात. मला विचारशील तर मराठवाड्यातल्या पोरांनी हा विषय शिकलाच पाहिजे असं मला मनापासून वाटतं, कारण आपल्या तिन्ही मोठ्या पिकांचे भाव याच गोष्टींवर हलायलेत. तूर २०२१ पासून कोट्याच्या बंधनाशिवाय यायला लागली, म्यानमारहून, मोझांबिकहून, आणि दरवर्षी त्या सवलतीची मुदत वाढत गेली. कापसावर ११ टक्के आयातशुल्क होतं, ते २०२५ च्या ऑगस्टमधे काढलं आणि ती सूट डिसेंबरअखेरपर्यंत नेली, म्हणजे बरोब्बर आपल्या वेचणीच्या दिवसात. आणि सोयाबीन तर तुझ्या घरातलंच आहे, त्याचंच गणित करून दाखवतो म्हणजे कोर्समधे काय असतं ते कळेल.

१४ सप्टेंबर २०२४ पासून कच्च्या खाद्यतेलावरची ड्युटी सेससकट (वरचा जादा कर धरून) साडेपाच टक्क्यांवरून साडेसत्तावीस टक्के केली, मग २०२५ च्या मे अखेरीस ती साडेसोळावर आणली. हिशोबाला सोपं म्हणून समज की कच्चं सोयातेल टनाला १००० डॉलर आहे आणि डॉलर ८३ रुपयाला. तेल पडलं ८३,०००, त्यावर साडेसत्तावीस टक्के म्हणजे २२,८२५, एकूण १,०५,८२५. ड्युटी साडेसोळा केली की तेच तेल ९६,६९५ ला पडतं, किलोमागे नऊ रुपयांवर स्वस्त. आता ड्युटी तीच ठेव आणि डॉलर ८८ कर. ८८,००० अधिक १४,५२०, झाले १,०२,५२०. म्हणजे ड्युटी कमी करून जे ९,१३० रुपये स्वस्त झालं होतं त्यातले ५,८२५ नुसत्या रुपयाच्या घसरणीने परत चढले, सरकारने काहीही न करता. पडलेला रुपया आयातीवर ड्युटीसारखाच बसतो हे पुस्तकात दहा पानं वाचून जे कळत नाही ते या चार ओळीत कळतं.

मग तू विचारशील की २०२४ ला ड्युटी एवढी वाढवली तरी त्या सीझनला आपल्याकडे सोयाबीन ४,८९२ च्या हमीभावाखालीच का विकावं लागलं? प्रश्न एकदम बरोबर आहे आणि उत्तर तेलात नाही, पेंडीत आहे. क्विंटलभर सोयाबीनमधे तेल साधारण १८ किलो निघतं, बाकी बहुतेक डीओसी, म्हणजे तेल काढून उरलेली पेंड. ती डीओसी बाहेर विकायची तर समोर अर्जेंटिना ब्राझीलचा स्वस्त माल उभा, आणि देशातले पोल्ट्रीवाले इथेनॉल कारखान्यातून निघणारा डीडीजीएस (धान्याचा उरलेला चोथा) वापरायला लागले. त्यामुळे तेलाने भाव वर ओढला तरी पेंड खाली ओढते. टीव्हीवर नुसतं 'ड्युटी वाढली, शेतकऱ्याला दिलासा' एवढंच सांगतात. तू हा कोर्स केलास तर पुढचा प्रश्न तुला आपोआप सुचेल, आणि माझ्या मते शिकण्याचा खरा फायदा हाच आहे.

संभाजीनगरला मिलिंद कॉलेज ज्यांनी उभं केलं त्या बाबासाहेबांनी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सला रुपयाच्या प्रश्नावरच प्रबंध लिहिला होता, १९२३ मधे तो पुस्तक म्हणून आला. रुपया घसरला की निर्यातदाराला फायदा दिसतो पण महागाईच्या मानाने मजुरी वाढत नाही, म्हणजे तो फायदा मजुराच्या खिशातून येतो, हे त्यांनी तेव्हाच मांडलं. तेव्हा हा विषय 'मोठ्या शहरातल्या लोकांचा' आहे असं कुणी म्हटलं तर अजिबात मनावर घेऊ नकोस.

गणित दहावीच्या पुढचं फारसं लागत नाही, टक्केवारी, गुणोत्तर आणि आलेख वाचता आला पाहिजे. पोरं अडकतात ती दोन ठिकाणी. एक, डॉलर ८३ चा ८८ झाला म्हणजे रुपया वर गेला की खाली, यात सुरुवातीला सगळ्यांचाच गोंधळ होतो, त्यामुळे प्रत्येक वेळी 'एका डॉलरला किती रुपये' असं पूर्ण वाक्य वहीत लिहीत जा. दुसरं म्हणजे रिअल एक्स्चेंज रेट, त्यात दोन्ही देशांची महागाई धरावी लागते, तिथे घाई करू नकोस, आठवडा जाऊ दे. इंग्रजीचं म्हणशील तर सबटायटल लावून, स्पीड कमी करून ऐक, आणि प्रत्येक लेक्चरनंतर बाबांना समजेल अशा मराठीत ते सांगून बघ, बाबांना पटलं नाही तर तुलाही अजून कळलेलं नाही असं समज.

कोर्स शक्यतो स्वयम (केंद्र सरकारचं ऑनलाइन कोर्सचं पोर्टल) किंवा एनपीटीईएल (आयआयटीवाल्यांचे ऑनलाइन कोर्स) यावरचा घे. शिकणं फुकट आहे, सर्टिफिकेट हवं असेल तरच परीक्षेची फी, हजार रुपयांच्या आसपास, आणि एनपीटीईएलची परीक्षा सेंटरवर जाऊन द्यावी लागते म्हणून त्या कागदाला थोडी किंमत आहे. असाइनमेंटला २५ आणि परीक्षेला ७५ मार्क. यूजीसीच्या २०२१ च्या नियमाने सेमिस्टरला ४० टक्क्यांपर्यंत क्रेडिट स्वयमवरून घेता येतात, पण आधी कॉलेजातल्या स्वयम कोऑर्डिनेटरला भेटून हाच कोर्स आपल्या विद्यापीठात धरतात का ते विचार, नंतर धावपळ नको.

आता नोकरी. नुसत्या या सर्टिफिकेटवर नोकरी लागत नाही, हे बाबांना स्पष्ट सांग, त्यांची काळजी खोटी नाही. डिग्रीबरोबर याची जोड बसते. बीकॉम झाल्यावर संभाजीनगरजवळच्या वाळूज-शेंद्र्याच्या कंपन्यांत, जालन्याच्या सीड आणि स्टीलवाल्यांकडे एक्स्पोर्ट डॉक्युमेंटेशनला सुरुवात करता येते, बँकेत गेलीस तर ट्रेड फायनान्सचं, म्हणजे आयात-निर्यातीच्या कर्ज-हमीचं, काम असतं. पुढे शिकायचं असेल तर पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूटला किंवा मुंबईला इकॉनॉमिक्समधे एमए-एमएस्सी, नाहीतर कॅट ही प्रवेश परीक्षा देऊन आयआयएफटी या परदेश व्यापार शिकवणाऱ्या संस्थेचं एमबीए, फी मात्र जड आहे. यूपीएससीतून इंडियन ट्रेड सर्व्हिस मिळते, डीजीएफटीचे अधिकारी तिथूनच येतात, आणि इंडियन इकॉनॉमिक सर्व्हिसला अर्थशास्त्रातलं एमए किंवा तशीच पदव्युत्तर पदवी लागते. मी तुझ्या जागी असतो तर आधी एमएकडे बघितलं असतं, कारण तुझ्या पत्रातले प्रश्न हिशोब लिहिणाऱ्या मुलीचे नाहीत, भाव असा का झाला ते शोधणाऱ्या मुलीचे आहेत. इंटरव्ह्यूला दाखवायला म्हणून एक काम कर, बाबांच्या आडतीवरचे मागच्या दोन वर्षांचे सोयाबीनचे आठवडी भाव उतरवून घे, शेजारी डॉलरचा दर आणि ड्युटी कधी बदलली त्या तारखा लिही. एवढी एक शीट दहा सर्टिफिकेटांपेक्षा जास्त बोलते.

मावसभावाचं मात्र ऐकू नकोस, आणि त्यालाही थांबव. एक्स्चेंज रेट शिकणं आणि त्या ॲपवर पैसे लावणं यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. आपल्या देशात करन्सीचे सौदे आरबीआयने परवानगी दिलेल्या संस्थांमार्फत किंवा मान्यताप्राप्त एक्स्चेंजवरच करता येतात, बाहेरच्या प्लॅटफॉर्मवर पैसे टाकणं परकीय चलनाच्या फेमा कायद्यात बसत नाही. बेकायदा प्लॅटफॉर्मची अलर्ट लिस्ट आरबीआयच्या साइटवर आहे, त्याचं ॲप तिथे दोघांनी बसून शोधा, आणि त्या यादीत नाव नाही म्हणजे चालतं असं समजू नका, आरबीआयने तसं स्वतःच लिहून ठेवलंय. त्याने आधीच पैसे टाकले असतील तर आजच काढायला लाव, आणि 'पैसे काढायला आधी टॅक्स भरा' असा मेसेज आला तर एक रुपयाही न भरता लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करायला सांग.