नागपूरच्या पशुवैद्यकीय कॉलेजचा आम्हा खेड्यातल्यांना काय उपयोग?

कॉलेज १९५८ चं, २००० पासून माफसूकडे, म्हणजे महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाकडे. पण आमच्यासाठी कॉलेज म्हणजे तिथून शिकून तालुक्याला आलेले डॉक्टर. मागच्या पावसाळ्यात म्हैस व्याताना अडली, गर्भाशयाला पीळ पडलेला. रात्रीचे अकरा. डॉक्टरांनी आधी नागपूरला आपल्या जुन्या सरांना फोन लावला, अन् सरांनी उचलला बरं का! मग म्हशीला आडवं पाडलं, कुशीवर फळी, फळीवर मी उभा, चौघांनी दोर धरून पिळाच्याच दिशेनं लोळवलं. दुसऱ्या पलटीला पीळ सुटला. पारडी झाली, आता चांगली उंडारते. तुमच्याकडे अशी केस आली तर डॉक्टरांना थेट म्हणा, "कॉलेजात विचारून पाहा ना." त्यांना राग येत नाही.