आईला आरत्या तोंडपाठ आहेत, मग अल्झायमरसाठी घेतलेल्या स्मरणशक्तीच्या चाचणीतले शब्द का आठवत नाहीत? रोज पाठ करून घेतले तर सुधारेल का?

नाही सुधारणार. आरत्या लहानपणी मुरलेल्या असतात. अल्झायमर आधी मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस नावाच्या भागाला आणि त्याच्या शेजारच्या भागाला धरतो, आणि नवीन गोष्ट साठवायचं काम तिथलंच.

त्या चाचणीत एकूण किती शब्द आठवले या बेरजेपेक्षा दर फेरीच्या आकड्यांची चाल बघायची असते. १५ शब्द, सेकंदाला एक, असे पाच वेळा वाचून दाखवतात आणि दर वेळी आठवतील तेवढे सांगायला लावतात. निरोगी ज्येष्ठ माणूस ५, ७, ९, १०, ११ असा काहीसा चढत जातो. अल्झायमरचा पेशंट ३, ४, ४, ५, ४ असा घुटमळतो, तेही बरेचसे यादीच्या शेवटचे, नुकतेच कानावर पडलेले. मध्ये दुसरी यादी देतात. अर्ध्या तासाने पहिली विचारली की एखाददुसरा शब्द, नाहीतर शून्य. मग "हा शब्द होता का?" असं एकेक विचारलं तर नसलेल्या शब्दांनाही "हो" येतं. नैराश्यात सहसा उलट: स्वतःहून सांगता येत नाही, पण ऐकल्यावर ओळखतात. म्हणूनच तीन शब्द विचारून "आजी ठणठणीत" म्हणणाऱ्यांशी माझं कधी पटलं नाही. शिकलेला माणूस सुरुवातीच्या काळात तीन शब्द सहज निभावून नेतो आणि निदान लांबतं.

घरी काही करायचंच तर रोजच्या कामाची एकच गोष्ट घ्या. "चष्मा कुठे? टीव्हीखालच्या खणात." लगेच विचारा, मग ३० सेकंदांनी, मग १, २, ४, ८ मिनिटांनी. अडल्या तर अंदाज करायला लावू नका. उत्तर सांगा, त्यांच्याकडून म्हणवून घ्या आणि आधी जमलेल्या अंतरावर परत या. अंदाजाने दिलेलं चुकीचं उत्तरच पक्कं बसतं, कारण ते चुकलं होतं हेच लक्षात राहत नाही. आणि चष्म्याचा खण बदलायचा नाही!

"ओळखा पाहू मी कोण?" हे तर पाहुण्यांना साफ बंद करायला सांगा. आल्या आल्या "मावशी, मी तुमच्या धाकट्या बहिणीचा सुनील" म्हणायला काय जातं?

अर्थात हे सगळं चाचणी नीट झाली असेल तर. यादी मराठीत होती का? श्रवणयंत्र लावलं होतं? बी-१२, थायरॉइड तपासलंय? झोपेची गोळी चालू आहे? नुसत्या यादीवरून निदान होत नाही. कमी शिकलेल्यांचे आकडे तसेही कमी येतात, तेव्हा तुलना त्याच वयाच्या आणि तेवढ्याच शिकलेल्या लोकांशी केली आहे का, ते रिपोर्टमध्ये बघा.